वार्धक्यसुलभ गृहपुनर्रचना

वार्धक्यामुळे किंवा अपंगत्वामुळे ज्यांच्या हालचालींवर मर्यादा आल्या आहेत, अशा व्यक्तींना आपल्या राहत्या घरातच सुरक्षितपणे व शक्य तितक्या स्वावलंबनाने राहता यावे, म्हणून घराच्या रचनेत, मापांत व साधनांत केलेल्या बदलांना वार्धक्यसुलभ गृहपुनर्रचना म्हणतात. नवे घर बांधणे वा वृद्धाश्रमाची सोय करणे यांहून ही बाब वेगळी आहे. येथे घर तेच, शेजार तोच व माणसेही तीच राहतात. बदलते ती केवळ शरीराची शक्ती आणि घराने त्या शक्तीकडून केलेली मागणी यांची सांगड. प्रस्तुत नोंदीत या विषयाची सामान्य तत्त्वे देऊन त्यांचा विचार मुख्यतः धाराशिव जिल्ह्यातील (२०२३ पूर्वीचे नाव उस्मानाबाद) घरांच्या संदर्भात केला आहे. दगडमातीची जुनी घरे, १९९३ च्या भूकंपानंतर उभी राहिलेली पुनर्वसित गावे, पाण्याची टंचाई आणि कामासाठी बाहेरगावी जाणारी तरुण पिढी यांमुळे हा प्रश्न या जिल्ह्यात विशेष रूपाने पुढे येतो.

संकल्पना व विकास : दुसऱ्या महायुद्धानंतर अपंग सैनिकांच्या व पोलिओग्रस्तांच्या पुनर्वसनातून अडथळाविरहित रचनेचा विचार पाश्चात्त्य देशांत रुजला. ब्रिटिश वास्तुशिल्पज्ञ सेल्विन गोल्डस्मिथ यांचा अपंगांसाठी करावयाच्या रचनेवरील ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकन वास्तुशिल्पज्ञ रोनाल्ड मेस (१९४१–९८) हे स्वतः बालपणी पोलिओ झाल्यामुळे चाकाची खुर्ची वापरीत. अपंगांसाठी निराळी रचना करण्यापेक्षा सर्वांनाच वापरता येईल अशी रचना करावी, या विचाराला त्यांनी ‘सार्वत्रिक अभिकल्प’ हे नाव दिले. पॉवेल लॉटन व ल्युसिल नाहेमोव या अमेरिकन संशोधकांनी १९७३ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार माणसाची क्षमता जसजशी कमी होते, तसतसा परिसराच्या दाबाचा परिणाम त्याच्यावर अधिक तीव्रतेने होतो. तरुण माणूस ज्या पायरीची दखलही घेत नाही, तीच पायरी ऐंशीव्या वर्षी घर व अंगण यांच्यामधील सीमा ठरते. याचा अर्थ असाही होतो, की दुर्बल व्यक्तीच्या बाबतीत परिसरातील लहानसा बदलही मोठा लाभ देऊ शकतो. जपानमध्ये २००० साली सुरू झालेल्या दीर्घकालीन शुश्रूषा विमा योजनेत घरातील आधारदांड्या, उंचीतील फरक काढून टाकणे यांसारख्या कामांसाठी खर्चाची तरतूद करण्यात आली, ती याच विचाराने.

वार्धक्य व घर : वयोमानाने स्नायूंचे बळ, सांध्यांची लवचिकता, तोल सावरण्याची गती व दृष्टी ही कमी होत जातात. साठीच्या सुमारास डोळ्याच्या दृष्टिपटलावर विशीतील डोळ्याच्या मानाने सु. एक-तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. त्यामुळे मंद उजेडातील उंबरठा किंवा एकाच रंगाच्या दोन पायऱ्यांमधील कड वृद्धाला नीट दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार ६५ वर्षांवरील सु. २८ ते ३५ टक्के व्यक्ती दरवर्षी किमान एकदा पडतात. मांडीचे हाड खुब्याजवळ मोडल्यास अनेक वृद्ध पूर्वीप्रमाणे चालू शकत नाहीत. घरातील धोके कमी करण्यासंबंधीच्या प्रयोगांचा जो एकत्रित आढावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात अशा उपायांनी पडण्याचे प्रमाण सु. एक-चतुर्थांशाने घटल्याचे आढळले. पूर्वी पडलेल्या किंवा हालचालीत अडचण असलेल्या व्यक्तींमध्ये ही घट त्याहून अधिक होती. घरातील बदल हा केवळ सोयीचा नव्हे, तर आरोग्याचाही विषय आहे, हे यावरून स्पष्ट होते.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ६० वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण सु. १० टक्के होते. त्याच जनगणनेत तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ असून तीपैकी सु. ८३ टक्के ग्रामीण होती. नोकरी व मजुरीसाठी पुणे, मुंबई, सोलापूर या शहरांकडे होणारे आणि ऊसतोडणीच्या हंगामात साखर कारखान्यांच्या प्रदेशाकडे होणारे स्थलांतर यांमुळे अनेक घरांत वर्षातील काही महिने वृद्ध व लहान मुलेच मागे राहतात. अशा घरात रात्री हात देण्यास कोणी असेलच, असे गृहीत धरता येत नाही.

जिल्ह्यातील पारंपरिक घरे : जिल्ह्यातील जुने घर बहुधा माळवदाचे असते. लाकडी खांब व तुळया यांच्या सांगाड्यावर फळ्या वा कडीपाट आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी माळवदाची रचना असते. दोन खांबांमधील अंतराला खण म्हणतात व घराचा आकारही खणांवरून सांगण्याची रीत आहे. दगड व चिखल यांच्या भिंती ६० सेंमी.हून अधिक जाड असतात. वाड्यात दरवाजानंतर ढाळज, मग चौक, त्याभोवती ओसरी, आत माजघर, स्वयंपाकघर व देवघर आणि मागे परसू असा क्रम आढळतो. या घराचे गुण अनेक आहेत. जाड भिंती व माळवद यांमुळे ते उन्हाळ्यात थंड राहते. चौक व ओसरी यांमुळे वृद्धाला घर न सोडता ऊन, वारा व माणसांची वर्दळ लाभते. तथापि जोते, ढाळज, चौक, ओसरी व माजघर या प्रत्येकाची पातळी निराळी असते. दारे बुटकी व अरुंद, उंबरठे उंच आणि आतील खोल्या अंधाऱ्या असतात. न्हाणी एका टोकास व शौचालय बहुधा परसात किंवा घराबाहेर असते. परंपरेने घरातील वृद्ध पुरुषाची बाज ढाळजेत वा ओसरीवर आणि वृद्ध स्त्रीचे अंथरूण माजघरात असे. त्यामुळे स्त्रीच्या वाट्याला अधिक अंधार व अधिक उंबरठे येतात.

भूकंपानंतरची घरे : ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या किल्लारीच्या भूकंपात (परिमाण सु. ६.२) लातूर जिल्ह्यातील औसा आणि उस्मानाबाद जिल्ह्यातील उमरगा या तालुक्यांची मोठी हानी झाली. सास्तूर, होळी, राजेगाव ही या जिल्ह्यातील बाधित गावांपैकी काही होत. ती आता लोहारा तालुक्यात मोडतात. भूकंपात सु. ८,००० ते १०,००० माणसे मृत्युमुखी पडली आणि अनेकांना कायमचे अपंगत्व आले. गोलसर दगडांच्या, आतबाहेरचे दोन थर न जोडलेल्या भिंती व त्यांवरील मातीचे प्रचंड ओझे ही प्राणहानीची प्रमुख कारणे ठरली. पुष्कळ ठिकाणी भिंती ढासळल्या, तरी लाकडी सांगाडा उभा राहिला.

जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जमीनधारणेनुसार कुटुंबांना २५०, ४०० व ७५० चौ. फुटांची (सु. २३, ३७ व ७० चौ. मी.) घरे देण्यात आली. कमी हानी झालेल्या गावांत जुन्या घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण घरमालकांच्या सहभागाने करण्यात आले. त्या कामी स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या स्त्रियांना संवाद सहायक म्हणून पुढे आणले. या घरांत भूकंपरोधनाला स्वाभाविकच अग्रक्रम मिळाला. वार्धक्याचा विचार त्या काळी शासकीय बांधकामाच्या परिघात नव्हता. १९९३ मध्ये पस्तिशीत असलेली व्यक्ती २०२३ मध्ये ६५ वर्षांची झाली. ज्या पिढीने ही घरे ताब्यात घेतली, तीच आता त्यांत वृद्ध होत आहे.

नव्या घरांत जाड माळवद नाही व पातळ्याही कमी आहेत, हे सोयीचे होय. अडचण आहे ती क्षेत्रफळाची. चाकाची खुर्ची पूर्ण वळविण्यास सु. १.५ मी. बाजूचा मोकळा चौरस लागतो. २५० चौ. फुटांच्या घरात एवढी जागा म्हणजे सबंध घराचा जवळजवळ दहावा हिस्सा होय. शिवाय नवी गावे रुंद रस्त्यांची व दूरवर पसरलेली असल्याने दुकान, मंदिर व शेजार यांची अंतरे वाढली. अनेक कुटुंबांनी घरापुढे पत्र्याची पडवी उभारून ओसरीची उणीव भरून काढली. वृद्धाच्या दृष्टीने ही पडवी घराचा सर्वांत उपयुक्त भाग ठरू शकते; तेथे उजेड, वारा व जाणाऱ्या-येणाऱ्यांची सोबत मिळते.

पुनर्रचनेची मूलतत्त्वे : घराचे परीक्षण करताना खोल्यांपेक्षा मार्गांचा विचार करावा लागतो. खाटेपासून शौचालयापर्यंत, खाटेपासून पाण्याच्या माठापर्यंत व खाटेपासून अंगणापर्यंत असे तीन मार्ग महत्त्वाचे असून त्यांत पहिला निर्णायक होय. या मार्गावर किती पायऱ्या, किती उंबरठे, किती दारे व किती अंधारे टप्पे आहेत हे मोजल्यास कोणता बदल आधी करावा, हे आपोआप ठरते. हे परीक्षण रात्रीच्या वेळी व त्या व्यक्तीच्या सहभागाने करणे इष्ट असते. रात्री उठावे लागू नये म्हणून पाणी कमी पिणारे वृद्ध अनेक घरांत आढळतात. ही सवय प्रकृतीस अपायकारक असून तिचे मूळ घराच्या रचनेत असते. खाटेची जागा बदलून ती शौचालयानजीक आणणे हा सर्वांत स्वस्त व पुष्कळदा सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो. मात्र वृद्धाला माणसांपासून दूर, परसाच्या कोपऱ्यात नेऊन ठेवणे म्हणजे पुनर्रचना नव्हे.

प्रवेश व उंबरठा : उतरत्या मार्गासाठी १:१२ हे प्रमाण सर्वसाधारणपणे मान्य आहे. म्हणजे ४५ सेंमी. उंचीच्या जोत्यास ५.४ मी. लांबीची उतरण लागते. गल्लीतील घरापुढे इतकी जागा क्वचितच असते. जागेअभावी तीव्र उतरण करणे हे पायऱ्यांहूनही धोक्याचे होय. अशा वेळी मध्ये सपाट टप्पा देऊन उतरण भिंतीलगत वळविता येते, किंवा चालू शकणाऱ्या व्यक्तीसाठी सु. १५ सेंमी. उंचीच्या व ३० सेंमी. रुंदीच्या सारख्या पायऱ्या करून दोन्ही बाजूंस कठडे लावता येतात. पायऱ्यांची उंची असमान असणे हे पडण्याचे नेहमीचे कारण आहे. बालाघाटाच्या कडेवर वसलेल्या तुळजापूरसारख्या चढउताराच्या गावात पायऱ्या टाळता येत नसल्याने कठड्याचे महत्त्व अधिक असते.

उंबरठा हा घराच्या मर्यादेचे प्रतीक मानला जातो व त्याची पूजाही होते. पावसाचे पाणी, विंचू व सरपटणारे प्राणी यांना अडविणे हे त्याचे व्यावहारिक कार्य. म्हणून मुख्य दाराचा उंबरठा काढून टाकण्याचा आग्रह धरण्याऐवजी त्याच्या दोन्ही अंगांना लाकडाचे किंवा सिमेंटचे उतरते ठोकळे बसविणे व कडेला ठळक रंगाचा पट्टा देणे पुरते. आतील दारांचे उंबरठे मात्र काढून टाकण्यास सहसा हरकत नसते.

दारे : चाकाच्या खुर्चीसाठी सु. ९० सेंमी. मोकळी रुंदी असावी असे मानक सांगतात. जुन्या घरांत ७५ ते ८० सेंमी. रुंदीतही काम भागू शकते. दुपाखी दाराची दोन्ही पाखे भिंतीलगत पूर्ण उघडतील असे बिजागर बसविल्यास भिंत न तोडता काही सेंमी. वाढ मिळते. न्हाणी व शौचालय यांची दारे बाहेर उघडणारी असावीत. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडल्यास त्याच्याच शरीराने दार अडते व मदत पोहोचत नाही. आतली कडी बाहेरूनही काढता येईल अशी असावी.

शौचालय व न्हाणी : स्वच्छ भारत अभियानाच्या (प्रारंभ २०१४) काळात ग्रामीण भागात मोठ्या प्रमाणावर वैयक्तिक शौचालये बांधली गेली. त्यांत बहुधा बैठे भांडे असून मैला शोषखड्ड्यात उताराने जावा म्हणून खोली जमिनीपासून उंच असते. परिणामी गुडघे दुखणाऱ्या माणसापुढे दोन अडथळे उभे राहतात : चढणे आणि उकिडवे बसणे. कमोड बसविणे हा परिचित उपाय होय. त्याच्या बैठकीची उंची ४५ ते ४८ सेंमी. असावी. परंतु ग्रामीण पद्धतीच्या तीव्र उताराच्या भांड्यास दीड-दोन लिटर पाणी पुरते, तर टाकीच्या कमोडला त्याच्या अनेकपट पाणी लागते. अवर्षणप्रवण जिल्ह्यात हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. त्यामुळे आहे त्याच भांड्यावर मधोमध छिद्र असलेली, रुंद पायांची भक्कम खुर्ची ठेवणे हा येथे अधिक योग्य मार्ग ठरतो. त्यासाठी जादा पाणी लागत नाही, तोडफोड होत नाही व घरातील इतरांना भांडे पूर्वीप्रमाणेच वापरता येते.

आधारदांडी ३.५ ते ४ सेंमी. जाडीची, भिंतीपासून ४ ते ५ सेंमी. अंतरावर व माणसाचा पूर्ण भार पेलणारी असावी. दगडमातीच्या भिंतीत खिळे वा बोल्ट टिकत नाहीत. अशा भिंतीवरची सैल दांडी ऐन भाराच्या वेळी निखळते, म्हणून दांडी नसण्यापेक्षाही ती अधिक घातक होय. येथे जमिनीत काँक्रीटमध्ये रोवलेल्या लोखंडी खांबांवर दांडी बसवावी. न्हाणीत बसून स्नान करण्यासाठी उंच चौरंग किंवा खुर्ची आणि पाण्याची बादली हाताच्या उंचीवर येईल असा कट्टा असावा. गुळगुळीत चकाकणाऱ्या फरशा टाळाव्यात. खडबडीत शहाबादी फरशी किंवा रेघा ओढलेला कोबा ओला असतानाही पकड देतो.

खाट, स्वयंपाक व प्रकाश : सैल पडलेल्या बाजेच्या खोळीतून उठणे गुडघ्यांना जड जाते. बाज ताणून घट्ट करणे व तिच्या पायांखाली खाच असलेले ठोकळे देऊन बैठक सु. ४५ सेंमी. उंचीवर आणणे हिताचे असते. खाटेजवळ दिव्याचे बटण, माठ व काठी हाताशी असावी. स्वयंपाकघरात जमिनीवरील चुलीऐवजी ओटा केल्यास उठबस वाचते. ओट्याचा एक भाग खालून मोकळा ठेवल्यास खुर्चीवर बसून काम करता येते. नित्य लागणारे डबे खांदा व कंबर यांच्या दरम्यानच्या फळ्यांवर ठेवावेत. माळवदावर जाण्याचा अरुंद, खडा जिना वृद्धांनी वापरू नये. तथापि पावसाळ्यापूर्वी माळवदाला माती देण्याचे काम त्यांच्यावरच येऊन पडत असेल, तर त्या कामाची व्यवस्था करणे हाही पुनर्रचनेचाच भाग होय. वीज खंडित झाल्यावर आपोआप लागणारा एक दिवा शौचालयाच्या वाटेवर असावा.

भिंतीची सुरक्षितता : दार रुंद करणे, नवी न्हाणी जोडणे किंवा खिडकी काढणे यांसाठी दगडमातीची भिंत फोडण्यापूर्वी भूकंपाचा विचार अनिवार्य आहे. १९९३ पूर्वी हा भाग देशातील सर्वांत कमी भूकंपप्रवण विभागात गणला जात असे. २००२ च्या सुधारित नकाशात त्याचा समावेश तिसऱ्या विभागात करण्यात आला. भिंतीत नवे द्वार कोपऱ्यापासून किमान ६० सेंमी. दूर असावे. वरील तुळईस आधी टेकू द्यावेत, द्वारावर पुरेशी टेकण असलेली नवी पाटी बसवावी आणि मगच दगड काढावेत. भिंतीचे दोन थर ठराविक अंतरावर आरपार दगडांनी किंवा गजयुक्त काँक्रीटच्या जोडांनी बांधून घ्यावेत. माळवदावर वर्षानुवर्षे साठलेली जादा माती उतरविणे, हा सर्वांत सोपा व मोलाचा उपाय आहे. वृद्ध माणूस धक्क्याच्या वेळी पळून बाहेर जाऊ शकत नाही. म्हणून त्याची खाट जाड मोडक्या भिंतीलगत नसावी व त्याचा बाहेर पडण्याचा मार्ग सर्वांत लहान व मोकळा असावा. सुलभता व सुरक्षितता ही दोन निराळी कामे नसून एकाच वेळी, एकाच गवंड्याकडून करून घेता येण्यासारखी आहेत.

कायदे व योजना : आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासंबंधीच्या २००७ च्या अधिनियमात निर्वाहाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र व वैद्यकीय उपचारांबरोबर निवासाचाही समावेश आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचा सुलभतेविषयीचा भर सार्वजनिक इमारती, वाहतूक व माहिती यांवर आहे. खाजगी जुन्या घरात बदल करण्याचे बंधन त्याने घातलेले नाही. केंद्र शासनाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सार्वत्रिक सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतील मापे घरासाठीही उपयोगी पडतात. काठी, वॉकर, चष्मा यांसारख्या साधनांसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ मध्ये व राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये सुरू झाली. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात (२०१६) घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौ. मी. ठरविण्यात आले. साधन व घर यांचा विचार मात्र अशा योजनांत स्वतंत्रपणे होतो. वॉकर मिळूनही उंबरठा तसाच राहिला, तर वॉकर कोपऱ्यातच पडून राहतो.

मर्यादा : गृहपुनर्रचना हा सेवाशुश्रूषेला पर्याय नव्हे. स्मृतिभ्रंश झालेली किंवा अंथरुणाला खिळलेली व्यक्ती केवळ दांड्या व दिवे यांवर एकटी राहू शकत नाही. बदल फार उशिरा, पहिल्या अपघातानंतर, केले जातात ही दुसरी मर्यादा. तोवर चालण्याचा आत्मविश्वास गेलेला असतो व नवी सवय लागत नाही. घराची दुरुस्ती किंवा शौचालयाचे काम जेव्हा केव्हा निघेल, त्याच वेळी दाराची रुंदी, जमिनीची समपातळी व दांडीसाठी पक्का आधार यांची तरतूद करून ठेवल्यास खर्चात फारशी वाढ होत नाही. तिचा लाभ बाळंतीण, लहान मूल, पाय मोडलेला तरुण यांनाही होतो आणि आज कर्त्या असलेल्या पिढीला पुढे स्वतःलाही होतो.